क्रिप्टोग्राफी न शिकलेल्या प्रोग्रॅमरांनी झीरो-नॉलेज प्रूफ कुठून हाती घ्यावे, आणि त्यांच्यापासून नेमके काय झाकावे?

कडीकुलूप (प्रश्नकर्ता)

मी बरीच वर्षे सर्व्हरवर चालणारा कोड लिहितो आहे. एपीआय, डेटाबेस, लॉगिनची व्यवस्था एवढेच माझे जग आहे आणि गणिताशी असलेला संबंध कॉलेजबरोबरच सुटला. सध्या माझ्याकडे असे काम आले आहे की, झीरो-नॉलेज प्रूफ (गुप्त माहिती न दाखवता तिच्याविषयीचे विधान खरे असल्याचा पुरावा) वापरून वापरकर्त्याने जन्मतारीख उघड न करता आपले वय १८ पूर्ण आहे एवढेच सिद्ध करावे, आणि ही सोय एका लायब्ररीच्या रूपात आमच्या इतर प्रोग्रॅमरांना मिळावी. त्यांना आतली क्रिप्टोग्राफी समजून घेण्याची वेळ येऊ नये, अशी अपेक्षा आहे.

वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले की या विषयावरचे लेखन दोन टोकांना विभागलेले आहे. एका टोकाला गुप्त दार असलेल्या गुहेची गोष्ट आहे. ती दहा मिनिटांत कळते, परंतु तिच्या आधारे कोडची एक ओळही लिहिता येत नाही. दुसऱ्या टोकाला बहुपदी, पेअरिंग आणि कमिटमेंट यांनी भरलेले शोधनिबंध आहेत, जे माझ्यासारख्यासाठी लिहिलेलेच नाहीत.

तरीही धीर करून अशा प्रूफसाठीच्या सर्कॉम या भाषेत एक सर्किट, म्हणजे प्रूफने पाळायच्या समीकरणांचा संच, लिहिले. जन्मवर्ष गुप्त, चालू वर्ष सार्वजनिक, दोहोंची वजाबाकी आणि तिची १८ शी तुलना, एवढेच त्यात होते. वीस चाचण्या लिहिल्या आणि वीसही पास झाल्या. मग एका सहकाऱ्याने विटनेस (सर्किटात भरायच्या सगळ्या संख्या) तयार करणारा कोड बदलून तुलनेच्या उत्तराच्या जागी हाताने १ भरला, आणि २०१५ हे जन्मवर्ष असलेले प्रूफ व्हेरिफायरने, म्हणजे प्रूफ पडताळणाऱ्या कोडने, निमूटपणे स्वीकारले. चूक एका चिन्हाची होती: `<==` लिहायचे तिथे मी `<--` लिहिले होते. ती दुरुस्त केली, पण अशा आणखी किती चुका आत असतील याची धास्ती काही जात नाही.

माझा प्रश्न असा आहे की, हे तंत्र सामान्य प्रोग्रॅमरच्या आवाक्यात आणताना कोणता भाग निर्धास्तपणे झाकता येतो, आणि कोणता भाग झाकला तर उलट घात होतो?

शेषफल

ज्याला तुम्ही एका चिन्हाची चूक म्हणता, त्यात या विषयाची निम्मी अडचण सामावलेली आहे, म्हणून तिथेच थोडे थांबतो.

आपण एरवी जो कोड लिहितो, तो आपल्याच यंत्रावर चालतो आणि आपण लिहिला तसाच चालतो, हे गृहीत इतके अंगवळणी पडलेले असते की ते गृहीत आहे हेच आपण विसरतो. इथे गणना करून प्रूफ बनवणारा प्रूव्हर दुसऱ्याच्या यंत्रावर असतो, आणि तुमचा कोड फेकून देऊन प्रत्येक सिग्नलमध्ये (सर्किटातल्या चलात) हवी ती संख्या भरायला तो मोकळा असतो. व्हेरिफायरला तुमचा कोड दिसत नाही. भरलेल्या संख्या काही समीकरणे पाळतात की नाही एवढेच त्याला कळते. म्हणून सर्किट लिहिताना दोन वेगळी कामे चाललेली असतात: प्रामाणिक माणसाला उत्तर कसे काढायचे ते सांगणे, आणि अप्रामाणिक माणसाला दुसरे उत्तर भरता येणार नाही अशी बंधने घालणे. `<--` हे चिन्ह फक्त पहिले काम करते, `===` फक्त दुसरे, आणि `<==` दोन्ही.

नुसते चिन्ह पाठ करून भागत नाही, हे दाखवणारे सर्वांत छोटे उदाहरण म्हणजे 'ही संख्या शून्य आहे का?' हे सर्किट. आत येणारी संख्या क्ष, उत्तर उ आणि एक मदतनीस संख्या म, असे धरू. पहिले समीकरण: उ = १ − क्ष × म. प्रामाणिक प्रूव्हर क्ष शून्य नसेल तेव्हा म च्या जागी तिचा गुणाकार व्यस्त भरतो, म्हणजे उ शून्य येते. क्ष शून्य असेल तर म काहीही असले तरी उ एक येते. सगळ्या चाचण्या पास. आता लबाड प्रूव्हर क्ष = ७ असताना म = ० भरतो. उ एक येते, समीकरण बिनचूक पाळले जाते आणि ७ ही संख्या शून्य असल्याचे 'सिद्ध' होते. हे थांबवण्यासाठी दुसरे समीकरण लागते: क्ष × उ = ०. ते काढून टाकले तरी तुमच्या वीसांपैकी एकही चाचणी नापास होणार नाही, कारण त्या सगळ्या प्रामाणिक प्रूव्हरने चालवलेल्या आहेत.

ही नवशिक्यांचीच चूक आहे असे मानू नका. २०१९ मध्ये टॉर्नेडो कॅश ही क्रिप्टो-चलनाचे व्यवहार गुप्त ठेवणारी सेवा ज्या सर्कॉमलिब लायब्ररीवर उभी होती, तिच्यातील मिमसी हॅशच्या (माहितीचा ठसा काढणाऱ्या फंक्शनच्या) सर्किटात निकाल `<==` ऐवजी साध्या `=` ने भरलेला आढळला. हॅशच्या निकालावर बंधनच नसल्यामुळे कोणालाही खोटे मर्कल मूळ (सगळ्या जमा नोंदींचा मिळून एक हॅश) दाखवता आले असते. टॉर्नेडो कॅश बनवणाऱ्यांनी इतर कोणी हात घालण्यापूर्वी स्वतःच हा दोष वापरून आतली रक्कम सुरक्षित जागी हलवली आणि मग दुरुस्ती केली. २०२४ मध्ये स्नार्क (लहान व झटपट पडताळता येणाऱ्या प्रूफच्या) प्रणालींमधील प्रत्यक्ष सापडलेल्या १४१ दोषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही सर्किटाच्या पातळीवरच्या दोषांमध्ये बंधन कमी पडणे हाच प्रकार प्रचंड बहुसंख्य आहे.

दुसरी अडचण संख्यांची. सर्किटातली संख्या ही पूर्णांक नसते, एका मोठ्या मूळ संख्येने भागून उरलेली बाकी असते. सर्कॉममध्ये ती मूळ संख्या सहसा २५४ बिटांची असते. तिथे २०२५ वजा २०३० म्हणजे उणे पाच न येता त्या मूळ संख्येपेक्षा पाचने कमी अशी अवाढव्य संख्या येते, आणि 'लहान' व 'मोठे' या शब्दांना तिथे आपोआप अर्थ नसतो. तुलना करण्यासाठी संख्या बिटांमध्ये फोडावी लागते. सर्कॉमलिबमधील तुलनेचे सर्किट आत येणाऱ्या संख्या ठरलेल्या बिटांत बसतात असे गृहीत धरते, पण ते तपासत नाही. ती जबाबदारी वापरणाऱ्याची. तुमच्या सर्किटात जन्मवर्ष ठरावीक बिटांत बसते अशी अट आहे का, ते आजच पाहा.

तेव्हा माझे मत असे: वक्र, पेअरिंग, बहुपदी हे सगळे खुशाल झाका, पण गणना आणि बंधन यांतला भेद झाकू नका. तुमच्या सहकाऱ्यांना दोन दिवस कागदावर अशी आठ-दहा छोटी सर्किटे लिहायला लावा आणि दर वेळी शेजाऱ्याला लबाड प्रूव्हर व्हायला सांगा. पुढे त्यांनी कोणतीही भाषा वापरली तरी ही सवय उपयोगी पडेल.

दुसरी_फेरी

शेषफल यांचे निदान मला मान्य आहे, उपचार मान्य नाही. कागदावर दहा सर्किटे लिहिल्यावरही माणूस अकराव्यात चुकतोच; सर्कॉमलिब लिहिणारे काही नवशिके नव्हते. जी चूक तज्ज्ञांच्याही हातून वारंवार होते, ती शिकवणीने न सुटता साधन बदलल्याने सुटते.

पहिला पर्याय नॉयर ही सर्किट लिहिण्याची भाषा. तिची धाटणी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेसारखी आहे, ठरावीक बिटांचे पूर्णांक प्रकार आहेत आणि त्यांची मर्यादा तपासणारी बंधने कंपायलर स्वतः घालतो. दाखले (इनपुट) मुळात गुप्त असतात, सार्वजनिक करायचे तेवढेच तसे जाहीर करावे लागतात. बंधनाशिवाय गणना करण्याची सोय आहे, पण असे फंक्शन वेगळे चिन्हांकित करावे लागते. म्हणजे तुमच्या हातून एका बाणाच्या फरकाने जे घडले, ते इथे ठळक अक्षरात मागून घ्यावे लागते. कोड तपासणाऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते कळते, आणि माझ्या मते हा फायदा कोणत्याही शिकवणीपेक्षा मोठा आहे.

दुसरा पर्याय झेडके-व्हीएम, म्हणजे प्रोग्रॅम चालवून त्याचे प्रूफ देणारे आभासी यंत्र ('झेडके' म्हणजे झीरो-नॉलेज). रिस्क झीरो किंवा एसपी१ यांत तुम्ही नेहमीचा रस्ट प्रोग्रॅम लिहिता, तो रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या सूचनांमध्ये रूपांतरित होतो, आणि 'हा प्रोग्रॅम चालला व त्याने हे सार्वजनिक उत्तर दिले' याचे प्रूफ तयार होते. इथे गणना आणि बंधन हा भेद वापरणाऱ्यापुरता मिटतो: अट मोडली की प्रोग्रॅम कोसळतो, आणि यशस्वी समाप्तीचे प्रूफ मिळत नाही. बंधन कमी पडण्याचा धोका संपत नाही, पण तो व्हीएम बनवणाऱ्यांच्या अंगणात जातो, जिथे त्याच्याकडे पाहणारे डोळे जास्त असतात.

अर्थात फुकट काहीच नाही. तोच प्रोग्रॅम नुसता चालवण्यापेक्षा त्याचे प्रूफ बनवणे किमान हजारो पटींनी महाग पडते. शिवाय नवे सापळे आहेत. बाहेरच्या होस्टकडून (व्हीएम ज्या यंत्रावर चालते त्याच्याकडून) आत येणारी प्रत्येक बाइट परक्याने दिलेली आहे असेच समजायचे. कोणत्या प्रोग्रॅमचे प्रूफ आहे ती ओळख व्हेरिफायरने तपासलीच पाहिजे, नाहीतर प्रूव्हर दुसराच सोपा प्रोग्रॅम चालवून त्याचे अगदी खरे प्रूफ तुमच्या हातात ठेवेल. आणि रस्टच्या रिलीज बिल्डमध्ये पूर्णांकाचा ओव्हरफ्लो डिफॉल्ट सेटिंगमध्ये मुकाट्याने पलटी खातो. चिन्हरहित पूर्णांकात चालू वर्षातून भविष्यातले जन्मवर्ष वजा केले की वय चारशे कोटींच्या घरात येते, आणि ते १८ हून नक्कीच जास्त असते! ओव्हरफ्लो तपासणी चालू ठेवा किंवा तपासून वजाबाकी करणारी फंक्शने वापरा.

संशयात्मा

वरील दोघेही 'कसे' यावर बोलत आहेत. मला 'काय' यावर बोलायचे आहे, कारण प्रश्नातील सर्किट निर्दोष लिहिले असते तरी त्याने काहीही सिद्ध झाले नसते.

१९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी ही कल्पना मांडली तेव्हापासून तिची प्रत्येक व्याख्या एका विधानापासून सुरू होते. तुमच्या सर्किटाचे विधान साध्या मराठीत लिहून पाहा: 'चालू वर्षातून वजा केली असता १८ किंवा अधिक उरतात, अशी एक संख्या मला ठाऊक आहे.' अशी संख्या सर्वांनाच ठाऊक आहे. दहा वर्षांच्या मुलालाही १९८० ही संख्या ठाऊक असते. तुम्हांला हवे असलेले विधान याहून बरेच लांब आहे: 'जिच्या सार्वजनिक किल्लीवर तुमचा विश्वास आहे अशा संस्थेने सही केलेले एक ओळखपत्र माझ्याकडे आहे, ते माझ्याच यंत्रातील किल्लीशी बांधलेले आहे, आणि त्यातील जन्मतारीख अमुक तारखेच्या आधीची आहे.' यातील वयाची तुलना हा सर्वांत किरकोळ भाग आहे. खरा खर्च आणि खरी गुंतागुंत सही पडताळण्यात आहे. म्हणून सामान्य प्रोग्रॅमरला आधी काय द्यावे असे मला कोणी विचारले, तर मी ना भाषा देईन ना व्हीएम. विधान लिहिण्याचा एक कोरा तक्ता देईन, ज्यात सार्वजनिक काय, गुप्त काय, कोणाची सही आणि पडताळणारा कोण एवढे रकाने असतील.

तो भरल्यावर पुष्कळदा असे दिसते की झीरो-नॉलेज प्रूफ लागतच नाही. मोबाइलवरील वाहन परवान्याच्या आयएसओ १८०१३-५ या मानकात देणारी संस्था 'वय १८ हून अधिक' हे वेगळे क्षेत्रच सही करून देऊ शकते आणि धारक तेवढेच उघड करतो. साधी सही आणि मीठ (यादृच्छिक भर) घातलेले हॅश, एवढ्यावर काम भागते. कोणत्याही प्रोग्रॅमरला ते आठवड्याभरात समजते. उणीव अशी की दर ठिकाणी तीच सही दाखवली जाते, त्यामुळे दोन संकेतस्थळांनी नोंदी जुळवल्या तर तो एकच माणूस आहे हे कळते. ही जुळवणी तुम्हांला टाळायची असेल तर आणि तरच पुढे जा. त्या वाटेवर आता तयार साधनेही आहेत: गूगलने २०२५ मध्ये वयाच्या पडताळणीसाठी लाँगफेलो नावाची लायब्ररी मुक्त स्रोत केली, आणि तिचे वैशिष्ट्य हे की ओळखपत्रांवर आजच वापरात असलेली ईसीडीएसए सही ती पडताळू शकते, म्हणजे ओळखपत्र देणाऱ्याला आपली व्यवस्था बदलावी लागत नाही.

आणखी दोन गोष्टी, ज्या गणितज्ञांना इतक्या उघड वाटतात की ते लिहीत नाहीत. जन्मतारखेचा नुसता हॅश सार्वजनिक केला तर गुप्तता शून्य होते, कारण शंभर वर्षांत साडेछत्तीस हजारच तारखा असतात आणि त्या सगळ्यांचे हॅश काढायला साध्या लॅपटॉपलाही क्षणभर पुरतो. आणि प्रूफ बनवणे जड पडते म्हणून ते काम एखाद्या दूरच्या सर्व्हरकडे दिले, तर तो सर्व्हर जन्मतारीख पाहतो. लपवायची होती ती गोष्टच त्याच्या हवाली केल्यावर उरते काय? 'झेडके' हे अक्षर नावात असले म्हणजे गुप्तता मिळतेच असेही नाही. बहुतेक झेडके-रोलअपमध्ये (ब्लॉकचेनचे अनेक व्यवहार एकत्र बांधणाऱ्या व्यवस्थांमध्ये) प्रूफ वापरले जाते ते लहान व झटपट पडताळता येणारे असते म्हणून, त्यातले व्यवहार सगळ्यांना दिसतच असतात.

कडीकुलूप

सर्वांचे आभार. संशयात्मा यांच्या उत्तराने थोडा ओशाळलो, कारण सहीचा विचार मी 'नंतर जोडू' म्हणून बाजूला ठेवला होता. आमच्या कामात दोन सेवांनी नोंदी जुळवू नयेत ही अट लेखी आहे, त्यामुळे प्रूफ लागणारच. प्रूफ वापरकर्त्याच्या फोनवरच बनवू. आता दोन शंका उरतात: चाचण्या नेमक्या कशा लिहाव्यात, आणि एकदा दिलेले प्रूफ कोणी चोरून पुन्हा वापरले तर काय?

शेषफल

दुसरीपासून सुरुवात करतो. प्रत्येक वेळी व्हेरिफायरने एक नवी यादृच्छिक संख्या द्यावी, ती सार्वजनिक दाखला म्हणून सर्किटात यावी आणि धारकाच्या किल्लीने केलेली सही त्या संख्येवरच असावी. जिथे अशी सही नसते तिथे लोक ती संख्या नुसती सार्वजनिक दाखल्यात ठेवतात आणि तिचा वर्ग करणारे एक वरकरणी निरुपयोगी बंधन लिहितात, जेणेकरून ती सर्किटाशी बांधलेली राहावी. अशी कोड्यासारखी ओळ तुम्हांला अनेक सर्किटांत दिसेल, ती 'साफसफाई' करताना काढू नका. तसेच प्रूफच्या बाइटांना एकमेव क्रमांक समजून डेटाबेसात 'हे आधी पाहिले आहे का' असे तपासू नका. ग्रोथ१६ पद्धतीचे एक वैध प्रूफ हाती आले की गुप्त माहिती ठाऊक नसतानाही त्याच विधानाचे वेगळे दिसणारे दुसरे वैध प्रूफ बनवता येते.

चाचण्यांचे म्हणाल तर, तुमच्या सहकाऱ्याने जे सहज म्हणून केले तेच नियमाने करा. आधी प्रामाणिक विटनेस तयार करा, मग त्यातील एकेक सिग्नल बदलून समीकरणे मोडतात का ते पाहा. एखादा सिग्नल बदलूनही काहीच मोडले नाही, तर तो मोकाट आहे. दोन सिग्नल एकत्र बदलल्यावरच दिसणाऱ्या चुका यातून निसटतात, म्हणून सर्कॉममध्ये राहणार असाल तर सर्कमस्पेक्ट हे स्थिर विश्लेषण करणारे साधन आणि पिकस ही दोन्ही चालवा. दिलेल्या दाखल्यांवरून उत्तर एकच ठरते की दोन उत्तरे शक्य आहेत, हे पिकस शोधते. शून्याचे जे उदाहरण मी वर दिले ते त्याला द्या आणि दुसरे समीकरण काढून पाहा.

दुसरी_फेरी

एक पुस्ती. व्हेरिफायरने दिलेल्या आव्हानाऐवजी हॅश वापरून परस्परसंवाद टाळण्याची फियाट-शमीर ही १९८६ ची युक्ती दिसायला तीन ओळींची आहे, म्हणून लोक ती स्वतः लिहायला जातात. हॅशमध्ये एखादा सार्वजनिक दाखला घालायचा राहिला की खोटी प्रूफ बनवता येतात. २०२२ मध्ये ट्रेल ऑफ बिट्स या सुरक्षा-कंपनीने 'फ्रोझन हार्ट' या नावाने हाच दोष एकापेक्षा अधिक लायब्ररींमध्ये दाखवला. तुमच्या लायब्ररीच्या सीमेच्या आत हा कोड एक ओळही नसावा. तपासणी झालेली लायब्ररी घ्या आणि तिची आवृत्ती गोठवा.

कडीकुलूप

विधानाचा मसुदा केला आहे, कृपया पाहावा.

'मान्य संस्थेच्या किल्लीने सही केलेले ओळखपत्र माझ्याकडे आहे. ते ज्या किल्लीशी बांधलेले आहे तिने मी व्हेरिफायरच्या यादृच्छिक संख्येवर सही केली आहे. आणि त्यातील जन्मतारीख आजपासून १८ वर्षे किंवा त्याहून आधीची आहे.' सार्वजनिक: संस्थेची किल्ली, यादृच्छिक संख्या, आजची तारीख. गुप्त: ओळखपत्र, दोन्ही सह्या, धारकाची किल्ली, जन्मतारीख.

संशयात्मा

'आजची तारीख' सार्वजनिक आहे असे लिहिले आहे, पण ती कोण भरतो ते लिहिलेले नाही. ती प्रूफबरोबर फोनकडून येत असेल आणि तुमचा सर्व्हर ती जशीच्या तशी व्हेरिफायरला देत असेल, तर २०४० सालातली तारीख घालून तुमच्या सहकाऱ्याचे तेच २०१५ सालचे जन्मवर्ष पुन्हा पास होईल, आणि या खेपेस सर्किटात एकही चूक नसेल. तारीख आणि संस्थेची किल्ली ही दोन्ही सर्व्हरने स्वतःच्या घड्याळावरून आणि स्वतःच्या यादीतून घ्यावीत, फोनने पाठवलेली वाचूही नयेत. ओळखपत्राची मुदत संपली आहे का, हा रकानाही मसुद्यात नाही.